युक्रेनवरचं आक्रमण मोबाइलवरून पाहायचं, तर नीट कसं पाहायचं

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास रशियातल्या बेल्गोरोद शहराकडून युक्रेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गूगल मॅप्समध्ये ट्रॅफिक जॅमची रेघ उमटली. आक्रमणाची घोषणा करणारं पुतिन यांचं भाषण अजून व्हायचं होतं. कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी इन्स्टिट्यूटमध्ये शस्त्रनियंत्रणाचे अभ्यासक जेफ्री लुईस आणि त्यांचे सहकारी ती रेघ पाहत होते. रशियाच्या चिलखती तुकड्या त्याच भागात जमल्याची रडार उपग्रहाची प्रतिमा त्यांनी आधीच पाहून ठेवली होती, म्हणून त्या रेघेचा अर्थ त्यांना लगेच लागला. नाहीतर पहाटेचा ट्रॅफिक जॅम म्हणजे एखादा ट्रकही उलटलेला असू शकतो.

ज्याने आधी तयारी केली आहे त्यालाच असा सुटा धागा उपयोगी पडतो. ही तयारी घरबसल्या, फुकटच्या साधनांवर आणि मराठी माणसाला कशी करता येईल, ते इथे टप्प्याटप्प्यानं सांगतो. सगळी उदाहरणं युक्रेनची आहेत, कारण एवढं मोठं आक्रमण इतक्या जवळून, इतक्या कॅमेऱ्यांतून जगानं याआधी पाहिलं नव्हतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनात लपलेल्या माणसाला सायरन वाजला की त्या क्षणी ठरवावं लागतं. पुण्यात, नाशकात किंवा दुबईत बसलेल्याला तसं काही ठरवायचं नसतं. त्याच्याकडे वेळ असतो. खाली सांगितलेल्या बहुतेक युक्त्या तो वेळ वापरण्याच्याच आहेत.

घड्याळ आणि भूगोल

फोनच्या घड्याळात कीव्ह शहर जोडून टाका. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, उन्हाळ्यात अडीच. टेलिग्रामवर पोस्टची वेळ तुमच्या फोनच्या वेळेनुसार दिसते, पण मजकुरातली वेळ तिथली असते. एवढ्या एका गोंधळापायी पहाटेचा हल्ला ‘सकाळी नवाला झालेला दुसरा हल्ला’ म्हणून ग्रुपवर फिरतो.

भूगोलासाठी एक संध्याकाळ द्या. युक्रेनचं क्षेत्रफळ सुमारे ६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. कीव्ह, खारकीव्ह, मारिउपोल, खेरसन, ओडेसा आणि नीपर नदी कुठे आहेत ते नकाशा न बघता सांगता येईल इतकं घोटून घ्या. शिवाय तिथल्या गावांची नावं दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात, एक युक्रेनी आणि एक रशियन वळणाची. २ मार्च २०२२ ला भारतीय दूतावासानं आपल्या लोकांना खारकीव्ह सोडून पेसोचिन, बाबाये आणि बेझल्युदोव्का गाठायला सांगितलं. पेसोचिन हे युक्रेनी नकाशावर पिसोचिन आहे आणि बेझल्युदोव्का हे बेझल्युदिव्का. सर्च करताना दोन्ही रूपं टाकावी लागतात, नाहीतर निम्मी माहिती हाती लागतच नाही.

कोणाला फॉलो करायचं

टाइमलाइन जे वाढेल ते खाऊ नका, स्वतःची यादी बनवा. एक्सवर लिस्ट करता येते, टेलिग्रामवर फोल्डर. यादीत निरनिराळ्या जागी उभी असलेली माणसं हवीत. शहराचे महापौर आणि प्रांतप्रमुख यांची टेलिग्राम चॅनेल पहिली, कारण स्फोट कुठे झाला, वीज कुठे गेली, हे तेच आधी सांगतात. खारकीव्हचे इहोर तेरेखोव्ह, मिकोलाइव्हचे विताली किम ही २०२२ मधली ठळक उदाहरणं. मग कीव्ह इंडिपेंडंटसारखी तिथली वृत्तसंस्था आणि रशियाबाहेर, लाटव्हियातल्या रीगामधून चालणारं मेदुझा हे रशियन बातम्यांचं संकेतस्थळ. मग नकाशा आणि पुरावा जमवणारे: बेलिंगकॅट, जिओकन्फर्म्ड, डीपस्टेटचा नकाशा, वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉरचे रोजचे अहवाल.

रशियन बाजूही ठेवा. त्यांचं संरक्षण मंत्रालय काय म्हणतं ते, आणि रिबारसारखी युद्धसमर्थक लष्करी चॅनेलं. या मंडळींचा कल उघड असतो, पण स्वतःच्याच सेनाधिकाऱ्यांवर चिडले की ते जे बोलतात ते मंत्रालय कधीच बोलत नाही. एक लक्षात ठेवा: ४ मार्च २०२२ पासून रशियात सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्याबद्दल १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, आणि त्याच महिन्यात तिथे फेसबुक, ट्विटर आणि इन्स्टाग्राम बंद झाले. त्यामुळे तिकडून सामान्य माणसाचा आवाज फारसा आला नाही, तर त्यावरून ‘तिथे सगळे खूश आहेत’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

एक्सवर नावापुढच्या निळ्या खुणेवर जाऊ नका. ती आता पैसे भरून मिळते. अकाउंट किती जुनं आहे आणि युद्धाआधी ते कशाबद्दल लिहीत होतं हे बघा. फेब्रुवारीत क्रिप्टोकरन्सी, मार्चमध्ये रणनीती आणि ऑक्टोबरात गाझा, असा ज्याचा प्रवास आहे त्याला यादीतून काढा.

आपल्या टीव्हीबद्दल काय सांगावं? स्टुडिओत सायरन वाजवून ‘अणुयुद्ध सुरू’ म्हणणाऱ्या वाहिन्यांचा गोंगाट इतका वाढला, की २३ एप्रिल २०२२ ला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांसाठी लेखी सूचनापत्र काढावं लागलं. बातम्यांसाठी टीव्ही बंद ठेवला तरी काही बिघडत नाही.

क्लिप आली, आता काय

आधी व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण आहे का पाहा. असेल, तर ती बऱ्याच हातांतून फिरून आली आहे आणि मूळ मजकूर वाटेत कुठेतरी गळून पडला आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कधी-कुठे काढला याची आतली नोंदही उरत नाही, त्यामुळे ‘प्रॉपर्टीज’ उघडून काही सापडणार नाही.

मग जुनी आहे का हे तपासा. बहुतेक खोट्या क्लिपा बनवलेल्या नसतातच. खऱ्याच असतात, फक्त दुसरीकडच्या. युद्धाच्या त्या पहिल्या आठवड्यात चीनमधल्या तियानजिनचा २०१५ चा स्फोट युक्रेनच्या नावावर फिरला, तसाच सैनिकाला भिडणाऱ्या पॅलेस्टिनी मुलीचा २०१२ चा व्हिडिओही. व्हिडिओ थांबवून स्फोटाआधीचा, इमारती स्पष्ट दिसणारा क्षण पकडा आणि स्क्रीनशॉट काढा. तो गूगल लेन्समध्ये टाका, मग यांडेक्स या रशियन सर्च इंजिनच्या इमेज सर्चमध्ये. पूर्व युरोपातल्या इमारती आणि चेहरे यांडेक्सला जास्त चांगले सापडतात. टिनआयमध्ये ‘सर्वांत जुनं आधी’ असा क्रम लावता येतो, तो लावा. हाताने फ्रेम काढत बसायचं नसेल तर इनव्हिड हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन व्हिडिओचे तुकडे करून देतं. स्क्रीनशॉटमधला चॅनेलचा लोगो आणि खालची पट्टी कापून टाका, नाहीतर सर्च त्या लोगोच्याच मागे जातो.

गेमच्या क्लिपा वेगळ्या. ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ म्हणजे एकट्याने रशियन विमानं पाडणारा वैमानिक. त्याच्या नावावर फिरलेली एक गाजलेली क्लिप डीसीएस वर्ल्ड या गेममधली होती, आणि एप्रिलच्या शेवटी युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की हा वैमानिक दंतकथेतला आहे. आर्मा ३ या गेममधली दृश्यं तर प्रत्येक युद्धात उगवतात. ओळखायची खूण अशी: कॅमेरा जरा जास्तच सराईतपणे वळतो, धूर एकसारखा दिसतो आणि कोणी ओरडत, शिव्या देत नाही. खरा व्हिडिओ काढणाऱ्याचा हात थरथरतो आणि तोंड बंद नसतं.

डीपफेक, म्हणजे संगणकाने जुळवलेला खोटा चेहरा आणि आवाज? १६ मार्च २०२२ ला झेलेन्स्की शरणागती पत्करायला सांगताहेत असा व्हिडिओ आला. मान आणि डोकं जुळत नव्हतं, तो फार टिकला नाही. आज तेच काम कितीतरी सफाईने होतं, म्हणून फक्त डोळ्यांवर भिस्त ठेवून चालणार नाही. त्या माणसाच्या अधिकृत चॅनेलवर तेच आहे का, एवढं बघितलं तरी पुरतं.

जागा शोधणं

यात खरा वेळ जातो आणि खरं समाधानही इथेच मिळतं. एक क्लिप घेऊ. १ मार्च २०२२ ला सकाळी आठच्या सुमारास खारकीव्हच्या स्वोबोदी चौकात प्रांतिक प्रशासनाच्या इमारतीसमोर क्षेपणास्त्र पडलं, ते सीसीटीव्हीत आलं. समजा ही क्लिप तुमच्याकडे नाव-गाव न सांगता पोचली.

आगीचा गोळा सोडून द्या, तो कुठेही सारखाच दिसतो. त्याआधीचे काही सेकंद बघा. समोर लांबलचक, भारदस्त सरकारी इमारत, एकाच लयीत चाललेले उभे खांब आणि खिडक्या. पुढे प्रचंड मोकळी, फरसबंद जागा, तिच्यावरून जाणाऱ्या गाड्या. बाजूला पानं झडलेली झाडं. एवढ्यावरून ‘थंडीतलं, सोविएत काळात बांधलेलं मोठं शहर’ इथपर्यंत पोचता येतं. अशी शहरं डझनावारी आहेत, पण इतका मोठा चौक असलेली थोडीच. उपग्रहचित्रात खारकीव्हचा चौक चटकन ओळखू येतो: एका टोकाला लांब आयत, दुसऱ्या टोकाला गोल. गोलाच्या कडेने देर्झप्रोम ही पुलांनी जोडलेल्या मनोऱ्यांची काँक्रीटची इमारत उभी आहे, तर प्रशासनाची इमारत आयताच्या टोकाला, सुम्स्का रस्त्याच्या बाजूला.

आता गूगल मॅप्सवर त्या इमारतीचे लोकांनी टाकलेले जुने फोटो उघडा आणि जुळवणी करा. खिडक्यांचे मजले मोजा. छताची कड, दिव्याचे खांब, शेजारच्या इमारतीची उंची ताडून पाहा. तीन-चार गोष्टी एकमेकींशी त्याच अंतरावर जुळल्या पाहिजेत. एक जुळली म्हणून हुरळू नका, सोविएत काळातल्या इमारती एकाच साच्यातून काढलेल्या असतात. मग त्याच घटनेचा दुसऱ्या कोनातला व्हिडिओ शोधा, बचाव पथकाचे फोटो बघा. खारकीव्हच्या बाबतीत ते काही तासांत आले.

सावल्याही बोलतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावली पायाखाली येते. खारकीव्ह ५० अंश उत्तरेला आहे. तिथे मार्चच्या सुरुवातीला भर दुपारीही सूर्य इतका खाली असतो, की खांबाची सावली खांबाच्या दीडपट लांब पडते, आणि पडते ती उत्तरेकडे. सनकॅल्क या वेबसाइटवर गाव आणि तारीख टाकली की कोणत्या वेळी सावली कुठे पडेल ते दिसतं. ‘काल रात्रीचा हल्ला’ म्हणणाऱ्या क्लिपेत दुपारच्या सावल्या असतील तर काम झालं.

आणखी काही खुणा. युक्रेनी गाडीच्या नंबरप्लेटवर डावीकडे निळी पट्टी असते, रशियन प्लेटवर उजव्या कोपऱ्यात प्रदेशाचा आकडा. दुकानाच्या पाटीवर डोक्यावर ठिपका असलेलं, इंग्रजी आयसारखं अक्षर दिसलं तर पाटी रशियन नव्हे, बहुधा युक्रेनी, कारण आजच्या रशियनमध्ये ते अक्षर नाही. पण पूर्व युक्रेनमध्ये रशियन पाट्याही असतात, त्यामुळे हे उलट बाजूने लावू नका.

जागा आणि वेळ पक्की झाली तरी ‘कोणी डागलं’ आणि ‘कशावर डागलं’ हे प्रश्न शिल्लक राहतात. ते वेगळे आहेत आणि त्यांना वेगळा पुरावा लागतो. बहुतेक माणसं इथेच घसरतात: व्हिडिओ खरा निघाला की त्याखालचं वाक्यही खरं धरतात.

बुचा: पुरावा कसा जुळतो

कीव्हजवळच्या बुचातून रशियन सैन्य मार्चच्या अखेरीस गेलं आणि एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत याब्लुन्स्का रस्त्यावरच्या मृतदेहांचे व्हिडिओ जगभर पोचले. रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं हा सगळा बनाव असल्याचं म्हटलं. गाडीतून काढलेल्या एका क्लिपेत ‘मृतदेहाचा हात हलतो’ असा दावाही फिरला. ती क्लिप मूळ दर्जात, हळू करून पाहिल्यावर दिसलं की काचेवरचा पाण्याचा थेंब सरकतो तेव्हा त्याच्यामागचं सगळंच वाकडं होतं. पण निर्णायक ठरल्या त्या मॅक्सार या अमेरिकी कंपनीच्या उपग्रहप्रतिमा. न्यूयॉर्क टाइम्सने त्या रस्त्यावरच्या व्हिडिओंशी ताडून पाहिल्या, तेव्हा ज्या जागी एप्रिलमध्ये देह सापडले त्याच जागी मार्चच्या मध्याच्या आधीपासून तशा आकृत्या दिसत होत्या. तेव्हा गाव रशियाच्या ताब्यात होतं. क्लिप, रस्ता, तारीख आणि ताबा कोणाकडे, या चार गोष्टी एकमेकींवर ठेवल्या तेव्हा दावा मोडून पडला.

नकाशे आणि आकडे

नकाशावरचा रंग म्हणजे ताबा नव्हे. मार्च २०२२ मध्ये कित्येक नकाशांवर उत्तर युक्रेनचा मोठा भाग लाल दिसत होता. प्रत्यक्षात रशियन सैन्याकडे मुख्यतः रस्ते होते, मधली गावं आणि रानं नव्हती. कीव्हच्या उत्तरेला ६४ किलोमीटर लांबीचा ताफा उपग्रहातून दिसला तेव्हा ‘आता शहर पडणार’ असं सगळीकडे झालं. तो ताफा अडकला आणि शेवटी परत गेला. नकाशा पाहताना त्याची तारीख बघा, सूची वाचा, ‘दावा’ आणि ‘पडताळलेलं’ यांना वेगळे रंग आहेत का ते तपासा. जबाबदार नकाशे एक-दोन दिवस मागे असतात. उलट, सप्टेंबर २०२२ च्या खारकीव्ह मोहिमेत कुप्यान्स्कच्या नगरपालिकेसमोर उभ्या युक्रेनी सैनिकांचा फोटो आला, जागा ओळखली गेली, तेव्हा अधिकृत निवेदन व्हायचं होतं.

उपग्रहचित्रं स्वतःच पाहायची असतील तर युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. त्यात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर, त्यामुळे रणगाडा दिसणार नाही. पण ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटल्यावर आधी आलेला पूर आणि मग कोरडा पडत गेलेला जलाशय ढगांच्या फटींतून कोणालाही दिसत होता. नासाच्या फर्म्स नकाशावर आगीचे ठिपके दिसतात. पंजाब-हरियाणातली पराली जाळणं आपण ज्यावर पाहतो तोच हा नकाशा. म्हणून लक्षात असू द्या, युक्रेनमध्येही शेतकरी रान जाळतात.

शत्रूची किती माणसं मारली याचे दोन्ही बाजूंचे रोजचे आकडे हे दावे समजा. गमावलेल्या लष्करी सामानाची नोंद ठेवणाऱ्या ओरिक्स या संकेतस्थळाची यादी वेगळी आहे: तिथे प्रत्येक रणगाड्यामागे फोटो आहे, म्हणून तो आकडा किमान धरावा, प्रत्यक्ष नुकसान त्याहून जास्त. रशियन मृतांसाठी मेदियाझोना हे स्वतंत्र रशियन संकेतस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा नावानिशी मोजणी करतात. तीही किमानच.

पहिले सहा तास

मोठी बातमी फुटली की काही तास काहीही पुढे पाठवू नका. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडच्या प्शेव्होदुव्ह गावात क्षेपणास्त्र पडून दोन माणसं गेली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अमेरिकी अधिकाऱ्याच्या हवाल्याने ते रशियन असल्याची बातमी दिली, आणि नाटोचं पाचवं कलम (एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला), तिसरं महायुद्ध सुरू झालंच म्हणून समजा! त्याच रात्री अवशेषांचे फोटो पाहून काही जणांनी ते एस-३०० या विमानविरोधी यंत्रणेचं, म्हणजे बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं असल्याचं ओळखलं. दुसऱ्या दिवशी पोलंड आणि नाटोनेही तीच शक्यता सांगितली, आणि वृत्तसंस्थेला बातमी मागे घ्यावी लागली.

आपल्याला आवडणाऱ्या बाजूच्या बातमीला तर जास्तच थांबा. काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंडवरचे युक्रेनी सीमारक्षक मारले गेले असं स्वतः झेलेन्स्की यांनी जाहीर केलं होतं. ते जिवंत होते, रशियाच्या कैदेत. युक्रेनच्या नौदलानं २८ फेब्रुवारीला ते सांगितलं. आणि भारतीयांना बाहेर पडता यावं म्हणून रशियाने सहा तास युद्ध थांबवलं, हा मेसेज कोणत्या मराठी ग्रुपवर आला नाही? ते बरोबर नसल्याचं परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

आपलं माणूस तिथे असेल तर

तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी तिथे होते, महाराष्ट्रातलेही. चौकातल्या हल्ल्याच्या त्याच दिवशी, १ मार्चला, खारकीव्हमध्ये खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला कर्नाटकातल्या हावेरीचा वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. अशा वेळी वर सांगितलेली सगळी तपासणी बाजूला ठेवा. दूतावासाचं अकाउंट नोटिफिकेशनवर टाका आणि सूचनेतली वेळ तिथली आहे की आपली ते बघा. खारकीव्ह सोडायची मुदत ‘संध्याकाळी सहा’ होती, ती युक्रेनची. आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ. घरातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी त्याला विचारायचं, म्हणजे पोरांची बॅटरी टिकते. व्हिडिओ मागू नका. कुठून तरी आलेला ‘सुरक्षित मार्ग’ पडताळल्याशिवाय तिकडे पाठवू नका.

काय पाठवायचं नाही

सैन्याच्या हालचालीचे ताजे व्हिडिओ. २०२२ च्या मार्चमध्ये कीव्हच्या रेट्रोव्हिल मॉलवर हल्ला झाला, त्यात किमान आठ जण गेले. मॉलजवळ उभ्या लष्करी गाड्यांचा टिकटॉक टाकणाऱ्या एकाला युक्रेनी यंत्रणांनी नंतर ताब्यात घेतलं. त्याच महिन्यात तिथे असं चित्रण पसरवणं गुन्हा ठरवण्यात आलं. आपण सांगलीतून शेअर केलं म्हणून पोस्ट तिथे दिसत नाही असं थोडंच आहे? युद्धकैद्यांचे व्हिडिओही नकोत, बाजू कोणतीही असो. तिसऱ्या जिनिव्हा कराराचं १३ वं कलम कैद्यांना लोकांच्या बघ्या नजरेपासून संरक्षण देतं. मदतीसाठी फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन द्या.

ऑटोप्ले बंद करा. मृतदेह अचानक समोर येत नाहीत आणि डेटाही वाचतो.

एवढं करूनही एखादी खोटी क्लिप तुमच्या हातून गेलीच, तर व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत अडीच दिवसांच्या आसपास आहे. ती उलटली असेल तर वेगळा मेसेज टाकू नका, तो वर सरकून जातो. त्याच क्लिपेला रिप्लाय द्या, मूळ व्हिडिओ कुठला आणि कोणत्या वर्षीचा ते एका ओळीत लिहा आणि लिंक जोडा. ज्यांनी ती तुमच्याकडून पुढच्या ग्रुपवर नेली त्यांना फोन करा. मोठ्या काकांना मेसेजने सांगून उपयोग होत नाही.